डिपेंडंट

आपल्या मंडळाच्या सभासद-अर्जावर तीन चौकटी आहेत: कुटुंब, एकटी व्यक्ती आणि विद्यार्थी. यंदा गणपतीत नोंदणीच्या टेबलावर माझी पाळी होती. एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. तो पीएच.डी. करतोय, ती गेल्याच महिन्यात आलीय. त्याने विद्यार्थ्याच्या चौकटीत खूण केली आणि पेन तसंच हातात धरून विचारलं, "काकू, ही कशात येईल?" कुटुंबाची वर्गणी त्यांना जड, विद्यार्थी ती नव्हे आणि एकटी तर नव्हेच. खजिनदारांनी क्षणभर चष्म्यावरून पाहिलं आणि दोघांनाही विद्यार्थी धरून टाकलं. आपल्या खजिनदारांबद्दल मंडळात बरंच काही बोललं जातं, पण त्या दिवशी मला त्यांचं फार कौतुक वाटलं. कारण हाच प्रश्न वीस वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सरकारसमोर माझ्या बाबतीत आला होता आणि त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं: डिपेंडंट.

गेली दोन वर्षं या सदरात मी परसातल्या भाज्या आणि कढीपत्त्याची थंडीतली नाटकं यांबद्दल लिहीत आले. यंदा भाजी थोडी कमी, हिशेब थोडा जास्त.

आमचं लग्न मे २००५मध्ये श्रीरामपूरला झालं. हा नाशिकचा. इलिनॉय राज्यात अर्बाना-शॅम्पेनला सिव्हिलमध्ये पीएच.डी. करत होता, दोन वर्षं संपली होती. मी राहुरीच्या कृषी विद्यापीठातून मृदाशास्त्रात एम.एस्सी. केलेली आणि माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला असलेली. राजीनामा द्यायला गेले तेव्हा साहेब म्हणाले, "तिकडं जा की, सगळी काळी मातीच आहे." ते अगदी खरं निघालं. फक्त पहिली दोन वर्षं ती माती माझ्या चपलांनाच काय ती लागली.

नियम असा होता. विद्यार्थ्याचा व्हिसा एफ-१, त्याच्या बायकोचा किंवा नवऱ्याचा एफ-२. एफ-२वर नोकरी नाही, म्हणजे अगदी दुकानात फळी पुसायचीही नाही. २००३ सालापासून पूर्ण वेळ शिकायलाही बंदी आली होती. छंद म्हणून काही शिकायला मात्र हरकत नव्हती. भरतकाम चालेल, मृदाशास्त्र नाही. (मे २०१५मध्ये हे थोडं सैल झालं, आता एफ-२वर अर्धवेळ पदवीचं शिक्षण घेता येतं. नोकरी आजही नाही.) सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, त्यामुळे स्वतःच्या नावावर क्रेडिट कार्ड नाही, फोन नाही. मी २५ वर्षांची, दोन पदव्या आणि अडीच वर्षांच्या नोकरीचा अनुभव असलेली बाई. आणि माझ्या नावावर त्या देशात पासपोर्टशिवाय एक कागद नव्हता.

घर ऑर्चर्ड डाउन्समध्ये होतं. अर्बानाच्या दक्षिण टोकाला विद्यापीठाने लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या बैठ्या, दुमजली इमारती. एक झोपायची खोली, एक बसायची. फर्निचर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रस्त्यावर मिळतं हे आमच्यासारख्या सगळ्यांना ठाऊक असतं. आमचं जेवणाचं टेबल असंच, तीन पायांवर खंबीर आणि चौथ्यावर नाराज. त्याच टेबलावर हा लिहायचा, मी पोळ्या लाटायची, आणि मधोमध आईने बॅगेत दुमडून दिलेलं कालनिर्णय.

कालनिर्णयावर आमचा संसार चालला म्हटलं तरी चालेल. श्रीरामपूरला त्याच्या मागच्या बाजूला दुधाचा हिशेब असे. इथे मी सगळाच हिशेब मांडला. महिन्याला हातात १,४०० डॉलर. भाडं ५३०. ह्याच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता २५०, तो नाशिकच्या बँकेत पहिल्या आठवड्यात पोचला पाहिजे. वाणसामान १८०, त्यात तूरडाळ संपली तर महिना मुगावर काढायचा. फोन कार्डं २०. आणि क्वार्टर! धुलाईच्या मशीनला पंचवीस सेंटची नाणीच लागत, म्हणून दुकानात सुटे घेताना नोटेपेक्षा नाण्याला भाव. एकदा एक पाहुणा कौतुकाने आमच्या बरणीतली नाणी मोजायला बसला आणि बसच्या भाड्यासाठी सहा उचलून घेऊन गेला. त्या आठवड्यात चादरी धुतल्या नाहीत.

हिशेबापेक्षाही महत्त्वाचे होते ते लाल गोल. ह्याचं संशोधन काँक्रीटवर. काँक्रीटचे सिलिंडर ओतायचे, दमट खोलीत ठेवायचे आणि सातव्या दिवशी काही, अठ्ठाविसाव्या दिवशी उरलेले यंत्राखाली चिरडून त्यांची ताकद मोजायची. काँक्रीटला शनिवार-रविवार कळत नाही, सण तर नाहीच. २००५ची लक्ष्मीपूजनाची तारीख १ नोव्हेंबर, मंगळवार; आणि बरोबर अठ्ठावीस दिवस आधी, ४ ऑक्टोबरला, ह्याने चोवीस सिलिंडर ओतून ठेवलेले. मी पहिल्या दिवाळीच्या करंज्या तळून, नवी साडी नेसून बसले. हा न्यूमार्क लॅबमधून रात्री साडेनऊला आला, केसांत सिमेंट. लक्ष्मीपूजन झालं, करंज्याही खाल्ल्या, पण मी दोन दिवस कामापुरतंच बोलले.

मग मी एक गोष्ट केली. ती चाचणी ज्या नियमावलीप्रमाणे करतात तिची प्रत घरातच होती, ती मी वाचून काढली. (करायला दुसरं काम काय होतं?) त्यात स्वच्छ लिहिलं होतं की अठ्ठाविसाव्या दिवसाच्या चाचणीला वीस तास मागेपुढे चालतं. वीस तास! हा म्हणाला, "अगं, सगळे ठरलेल्या वेळेलाच करतात." मी म्हटलं, "सगळ्यांच्या बायकांनी हे पान वाचलेलं नसेल." त्यानंतर सिलिंडर ओतायच्या तारखा कालनिर्णय बघून ठरू लागल्या. २००६चं लक्ष्मीपूजन शनिवारी होतं आणि हा दुपारपासून घरी चकल्यांचा सोऱ्या दाबत होता. त्याच्या एका शोधनिबंधाच्या आभारात माझं नाव आहे. लोक समजतात ती प्रथा. ते त्या वीस तासांसाठी आहे.

ऑर्चर्ड डाउन्समध्ये दिवसा कोणी पुरुष दिसत नसे. आम्ही बायकाच. धुलाईच्या खोलीत मशीन फिरेपर्यंत अर्धा तास बाकावर बसायचं, तिथे ओळखी झाल्या. शेजारची कोरियन बाई बुसानला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. वरच्या मजल्यावरची नेपाळी मुलगी नर्स. एक तुर्की बाई वकील, एक चिनी शाळेत गणित शिकवणारी. जगातल्या कुठल्याही छोट्या गावाला हेवा वाटावा अशी माणसं, आणि सगळ्या क्वार्टर मोजत बसलेल्या. कोणी रडगाणं गायचं नाही. हाताने करण्यासारखं सगळं करायचो. तिथे रहिवाशांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे मिळत. कोरियन शेजारणीचा आणि माझा तुकडा लागून. तिचा मुळा, माझी मेथी. ती माझं लिंबाचं लोणचं भाताबरोबर नुसतं खायची आणि मी तिची किमची भाकरीबरोबर. ही जोडी करून बघावी, मी पैज लावते.

आता माझी सरकारी किंमत सांगते. मार्चमध्ये टॅक्सचे फॉर्म भरायचे. भारत आणि अमेरिका यांच्यातल्या कराराप्रमाणे भारतीय विद्यार्थ्याला, बायकोची काही कमाई नसेल तर, तिच्या नावाने सवलत घेता येत असे. त्यासाठी सोशल सिक्युरिटी नसलेल्यांना वेगळा कर क्रमांक काढून देतात, तो माझा काढला. २००६ सालासाठी ती सवलत ३,३०० डॉलरची होती. हा आनंदाने म्हणाला, "तुझ्यामुळे टॅक्स वाचला." मी त्या आकड्याकडे बघत राहिले. राहुरीत माझ्या हाताखालून वर्षाला हजारेक मातीचे नमुने जात. इथे माझी नोंद होती ती मी काहीही करत नाही म्हणून, आणि तेवढ्यापुरतीच. हे रडगाणं नाही. हिशेब मांडायला बसलं की आकडा समोर येतो, एवढंच.

माझ्या स्वतःच्या नावाचा पहिला कागद मला अर्बानाच्या सार्वजनिक वाचनालयाने दिला. वाचनालयाचं नावच 'अर्बाना फ्री लायब्ररी'. पत्त्याचा पुरावा दाखवला, बाईंनी विचारलं, "नाव कसं लिहू?" आणि पाच मिनिटांत कार्ड हातात. कोणाची कोण म्हणून विचारलं नाही. ते कार्ड अजून माझ्या पाकिटात आहे, मुदत कधीच संपली.

तिथल्या पुस्तकात मी मॉरो प्लॉट्सबद्दल वाचलं आणि दुसऱ्या दिवशी चालत बघायला गेले. विद्यापीठाच्या ऐन मध्यात, इमारतींच्या गर्दीत, मक्याचं एक छोटं शेत आहे. १८७६पासून तिथे प्रयोग चालू आहेत. एका पट्ट्यात तेव्हापासून दर वर्षी फक्त मका, दुसऱ्यात पिकांची फेरपालट. कुठे खत, कुठे काहीच नाही. शेजारी ग्रंथालय बांधायचं ठरलं तेव्हा मक्यावर सावली पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधलं, १९६९ साली. मी तिथे कुंपणाशी उभी राहून बिनखताच्या पट्ट्यातला खुजा मका आणि फेरपालटीतला उंच मका बघत होते. दोन्हींची माती एकच. हे आम्ही वर्गात शिकलो होतो, आकृतीतून. इथे ते सव्वाशे वर्षं उभं होतं.

आणि माती! आपली नगरकडची काळी माती बेसाल्टची, चिकण; पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इलिनॉयची मातीही तशीच काळी दिसते, पण तिचा काळेपणा गवताचा. हजारो वर्षं तिथे माणसाच्या उंचीचं गवत होतं, त्याच्या मुळ्या कुजून कुजून ती काळी झाली. मेथीच्या तुकड्यात पहिल्यांदा हात घातला तेव्हा मला वाटलं होतं की घरचीच आहे. बोटांत चोळून पाहिली तर भुसभुशीत, वेगळीच. मॉरो प्लॉट्सहून घरी आले आणि रात्री ह्याला सांगितलं, "मी जीआरई देते."

एफ-२वर परीक्षा द्यायला बंदी नाही. दोन परीक्षांची फी आणि तीन विद्यापीठांचे अर्ज यांत गावी जायच्या तिकिटासाठी साठवलेले पैसे गेले. टोफेलसाठी कोरियन शेजारीण आणि मी एकमेकींची परीक्षा घेत होतो, ती मला "थ" म्हणून दाखवायची आणि मी तिला "र". मार्च २००७मध्ये उत्तरं आली. पैशांसकट प्रवेश एकाच ठिकाणी: आयोवा स्टेट, एम्स. ऑर्चर्ड डाउन्सपासून साडेतीनशे मैल, गाडीने सहा तास.

हा दोन दिवस गप्प होता. मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कालनिर्णयाची पानं उलटून निळ्या पेनाने रेघा मारत बसलेला. "सातव्या दिवसाची चाचणी झाली की अठ्ठाविसाव्यापर्यंत मधे तीन आठवडे असतात," तो म्हणाला. "गुरुवारी ओतलं तर पुढच्या गुरुवारी पहिलं तोडणं. शुक्रवारी निघालो तर रात्रीपर्यंत एम्स." आणि थोडं थांबून, "वर वीस तास आहेतच." एवढीच त्याची संमती. आमच्याकडे भाषणं नसतात.

घरी सांगणं अवघड होतं. फोनवर सासूबाई असल्या की मी ह्याला "अहो" म्हणायची, फोन ठेवला की "अरे". त्या दिवशी घाबरून सगळीकडे "अहो"च झालं. माझ्या वडिलांना पटलं नाही. "लग्न लावून दिलं ते एकत्र राहायला. लोकांना काय सांगू?" म्हणाले. सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पगार देणारेत का?" म्हटलं, हो, असिस्टंटशिप आहे. "मग जा. मला पहिली नेमणूक सुरगाण्याकडे मिळाली होती. चार वर्षं. दिवसातून एक एसटी, तीही पावसाळ्यात बंद. ह्यांचं नाशिकला पोटाचं काही अडलं नाही, खिचडी शिकले." मग ह्याला फोनवर घेऊन म्हणाल्या, "तू शिकलास का खिचडी?"

एफ-२चं एफ-१ करायला अर्ज आणि २०० डॉलर. मंजुरी येईपर्यंत वर्गात बसायचं नाही. ती जुलैच्या शेवटी आली. पण हे अमेरिकेत बसून केलेलं, पासपोर्टवर नवा शिक्का नाही. म्हणजे देशाबाहेर गेलं तर परत यायला मुलाखत, आणि तिथे काय होईल सांगता येत नाही. त्यामुळे २००८मध्ये भावाच्या लग्नाला गेले नाही. फोटो सीडीवर आले. आईने प्रत्येक फोटोमागे कोण कोण ते सांगायला वेगळा फोन केला.

त्या अडीच वर्षांबद्दल लोक विचारतात, कसं काढलं? खरं सांगायचं तर बहुतेक वेळ कामात गेला. रात्री नऊनंतर मोबाइलची मिनिटं फुकट असत, तेव्हा नऊ वाजून एक मिनिटाने फोन. दोघंही स्पीकर लावून स्वयंपाक करायचो. त्याची फोडणी करपली की मला साडेतीनशे मैलांवर आवाजावरून कळे. विजेची बिलं दोन, तिखटमिठाचे डबे दोन, कालनिर्णयं दोन. दर चौथ्या शुक्रवारी १९९४ची कोरोला मोलिनजवळ मिसिसिपी ओलांडून आयोवात यायची. पुलावर पोचला की तो फोन करायचा, मग मी भात लावायची. तीन तासांनी तो दारात. जानेवारीत दोनदा बर्फामुळे नदीच्या अलीकडूनच परत गेला. तो भात मी तीन दिवस खाल्ला.

गावाकडून प्रत्येक फोनला "काही गोड बातमी?" हा प्रश्न असायचा. आमच्याकडे बातमी एवढीच होती की माझ्या प्लॉटमधल्या मातीत दोन हंगामांत सेंद्रिय कर्ब किंचित वाढला. मला ती गोडच वाटली होती. पण रात्री फोन ठेवल्यावर वयाचा हिशेब मी पण करायची, आणि तो कालनिर्णयावर लिहायची सोय नव्हती.

डिसेंबर २००९मध्ये ह्याची पीएच.डी. झाली आणि काँक्रीट ओतायला कोणाला माणूस नको असण्याचा तो काळ. बांधकामं बंद, भरती बंद. शिक्षणानंतर काम करायची जी मुभा मिळते तिच्यावर एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही. तो सामान घेऊन एम्सला आला, रोज अर्ज पाठवत होता आणि मी भिंतीवर दिवस मोजत होते. साठाव्या दिवशी मी म्हटलं, "अरे, दुसरा एक फॉर्म आहे. मला तोंडपाठ आहे तो."

त्याने एक शब्द न बोलता सही केली. उन्हाळ्यात मंजुरी आली. डॉक्टर झालेला माझा नवरा माझा डिपेंडंट झाला, एफ-२. त्याचे मित्र फोनवर खदखदून हसले, मग हळूच विचारू लागले की हे कसं करतात. पहिल्याच आठवड्यात मी त्याला सार्वजनिक वाचनालयात नेऊन कार्ड काढून दिलं आणि क्वार्टरची बरणी ताब्यात दिली. त्या वर्षीचा टॅक्स मी भरला. तोवर माणशी सवलत ३,६५० डॉलर झाली होती. त्याच्या लक्षात आलं नसतं, म्हणून मी मुद्दाम दाखवलं की त्याला भाव माझ्यापेक्षा साडेतीनशेने जास्त मिळालाय.

तो सव्वा वर्ष एफ-२वर होता. २०११च्या ऑक्टोबरमध्ये त्याला नोकरीचा व्हिसा मिळून काम सुरू झालं. पुढच्या उन्हाळ्यात माझा प्रबंध संपला आणि त्यानंतर लेक झाली. मधल्या काळात तो एम्सच्या धुलाईच्या खोलीत एका ब्राझिलियन पशुवैद्य बाईबरोबर आणि एका चिनी इंजिनिअर नवऱ्याबरोबर बाकावर बसायचा, आणि त्याची खिचडी सासूबाईंना मान्य होईल इतपत झाली. एका रविवारी त्यांचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. नंतर त्यांनीच मला सांगितलं. त्यांनी लेकाला विचारलं, "सून कुठाय?"

"नमुने तपासतेय."

"आणि तू?"

"कपड्यांच्या घड्या घालतोय."

"घाल," त्या म्हणाल्या. "साड्या असतील तर पदराकडून धर."